बैलांच्या वाटेवरचा पूल

दोस्तांनो, तुर्भ्याच्या घाऊक बाजारात भल्या पहाटे कधी गेला आहात का? नसाल गेलात तर एकदा बाबांच्या नाहीतर मामाच्या मागे लागून जाच. बाहेर अजून अंधार असतो आणि आत मात्र भर दुपारसारखी गडबड. ट्रकांच्या रांगा, ‘बाजू, बाजू!’ असा ओरडा, आणि पायाखाली कांद्याच्या सालींचा नुसता सडा! मुंबईच्या दाटीतून १९८१ मध्ये कांदा-बटाट्याचा बाजार खाडीच्या या बाजूला आला. मागोमाग मसाले आले, धान्य आलं आणि १९९६ मध्ये भाजी नि फळंही आली. ‘मुंबई जेवते ती आमच्या जिवावर,’ असं एखादा तुर्भेकर ऐटीत म्हणाला, तर त्याला हसू नका. त्यात बरंच तथ्य आहे.

तिथं गेलात की एक गोष्ट नीट बघा. जुन्नर-ओतूरकडचा कांदा ट्रकमधून येतो खरा, पण ट्रकपासून गाळ्यापर्यंत तो कशावरून जातो? माणसाच्या पाठीवरून! माथाडी कामगार पाठ वाकवून उभा राहतो, वरचा गडी गोणी अलगद त्याच्या पाठीवर सोडतो आणि हा लगबगीनं चालू लागतो. शेकडो किलोमीटरचा प्रवास चाकांवर, आणि शेवटची पन्नास पावलं पाठीवर.

एक काळ असा होता, की तो सगळाच प्रवास पाठीवर व्हायचा. माणसाच्या नव्हे, बैलाच्या. आज मी तुम्हाला त्या बैलांच्या वाटेवरच्या एका पुलाची गोष्ट सांगणार आहे. तो पूल तुर्भ्यात नाही. पण तुमच्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा त्याच मुलखातून इथं आलेले असतील. बाजारातल्या माथाड्यांमध्ये सातारा जिल्ह्याची माणसं किती आहेत, हे कुणालाही विचारा. जावळी, महाबळेश्वर, पाटण… सुट्टी लागली की गावाला जाण्यासाठी ज्यांच्या घरी एसटीच्या तिकिटांची धावपळ सुरू होते, त्यांना तर ही गोष्ट आपल्या अंगणातलीच वाटेल.

आधी बैलांचं बघू.

आपला महाराष्ट्र सह्याद्रीनं उभा चिरलेला आहे. एका अंगाला कोकण, दुसऱ्या अंगाला देश. कोकणात मीठ पिकतं, भात पिकतो, नारळ-सुपारी आणि सुकी मासळी मिळते. देशावर ज्वारी, डाळी, गूळ, मिरची, कापड. देशावरच्या माणसाला मिठावाचून भाकरी गोड लागत नाही आणि कोकणातल्या माणसाला गुळावाचून सण साजरा करता येत नाही. म्हणजे देवाणघेवाण हवीच! पण मधे हा एवढा थोरला डोंगर. गाडीवाट नाही. मग माल न्यायचा कसा? बैलाच्या पाठीवर पालाण घालायचं, दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या दोन गोण्या सोडायच्या आणि चालायला लागायचं. एका बैलावर साधारण शंभर-सव्वाशे किलो ओझं मावे.

आता एक गणित करा. दहा टनांचा एक ट्रक तुर्भ्याच्या बाजारात येतो. तेवढाच माल बैलांवरून आणायचा तर बैल किती लागतील? सव्वाशे किलोंचा हिशेब धरा. उत्तर आलं? ऐंशी! एका ट्रकपायी ऐंशी बैल. आणि ते चालणार दिवसाला दहा-बारा किलोमीटर, कारण वाटेत त्यांना चरायलाही हवं ना! डिझेलचा खर्च मात्र शून्य.

हे काम करणारे लोक म्हणजे लमाण आणि वंजारी. त्यांचे तांडे असत. ताव्हेर्निये नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात हिंदुस्थानात बऱ्याच वेळा येऊन गेला. त्यानं लिहून ठेवलंय, की दहा-बारा हजार बैलांचे तांडे त्यानं पाहिले. समोरून असा तांडा आला आणि रस्ता अरुंद असला, तर तो संपेपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबून राहावं लागे! सायन-पनवेल रस्त्यावर अर्धा तास अडकलो तर आपण केवढे वैतागतो, नाही का?

घाटातल्या या वाटा फार जुन्या. आपल्याला सगळ्यांत जवळची आणि प्रसिद्ध म्हणजे जुन्नर आणि कल्याण यांना जोडणारी नाणेघाटाची वाट. तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा शिलालेख आहे, म्हणजे वाट निदान दोन हजार वर्षांची झाली. घाटाच्या तोंडाशी दगडाचा एक भला मोठा रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून जकातीची नाणी त्यात टाकून घेत, असं सांगतात. टोलनाका काही आपल्या काळातला शोध नव्हे, बरं का!

डोंगर चढायला बैल तयार असतो. त्याचं अडतं ते पाण्यापाशी. हिवाळ्या-उन्हाळ्यात नदी गुडघाभर असते, उतार बघून पार होता येतं. पण पाऊस लागला की संपलं! म्हणून तांडे दिवाळीनंतर निघायचे आणि पावसाच्या आत परतायचे. ज्यांना पावसाळ्यातही जावंच लागे त्यांना मात्र नदीवर पूल हवा. आणि पूल बांधणं हे काही एखाद्या व्यापाऱ्याचं काम नव्हे. त्याला पाठीशी राज्य लागतं.

चला, आता तो पूल बघायला निघू या. समजा, तुम्ही सगळे घरच्यांबरोबर तुर्भ्याहून निघालात. पनवेल मागे टाकलंत, मुंबई-गोवा रस्ता धरलात. पेण, नागोठणे, कोलाड, माणगाव आणि मग महाड. महाड सोडलं की सावित्री नदीवरचा पूल लागतो. या पुलावरून जाताना गप्प बसून खाली नदीकडे बघा. त्याची गोष्ट मी थोड्या वेळानं सांगणार आहे. पुढे पोलादपूर, तिथून डावीकडे वळायचं. इथून आंबेनळी घाट सुरू होतो. वळणं अशी की पुढच्या सीटवरच्या काकूंनी आले-लिंबू बाहेर काढलंच म्हणून समजा. घाट चढून वर आलं, की प्रतापगडाच्या पायथ्याची गावं लागतात. गडाकडे न जाता खाली कोयनेच्या खोऱ्यात उतरलं की येतं पार नावाचं छोटंसं गाव. तुर्भ्यापासून साधारण दोनशे किलोमीटर.

पार गावात श्रीरामवरदायिनी देवीचं देऊळ आहे. आजूबाजूला गर्द झाडी. पाहून वाटणारही नाही, की एके काळी हे हमरस्त्यावरचं गाव होतं! वाईकडून येणारी वाट महाबळेश्वराचा डोंगर ओलांडून कोयनेच्या खोऱ्यात उतरायची, पारवरून पुढे जायची आणि पारघाट उतरून कोकणात महाडकडे निघायची. डोंगर उतरण्याच्या एका टप्प्याचं नावच मुळी ‘रडतोंडीचा घाट’! उतरणाऱ्याचं तोंड रडवेलं व्हावं असा तो घाट. आपल्या पूर्वजांनी नावं ठेवताना उगाच आडपडदा ठेवला नाही.

इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही अफझलखानाचं प्रकरण वाचलंच असेल. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि लगेच मोरोपंत पिंगळ्यांकरवी भोरप्याच्या डोंगरावर प्रतापगड बांधायला घेतला. का? तर हीच वाट डोळ्यांखाली ठेवायला. या वाटेवर ज्याचा हात, त्याच्या हाती देश आणि कोकण यांच्यामधलं दार. पुढे नोव्हेंबर १६५९ मध्ये खान आपलं लटांबर घेऊन याच वाटेनं, रडतोंडीच्या घाटानं, खाली उतरला आणि पारच्या परिसरात कोयनेकाठी तळ देऊन राहिला. हत्ती, घोडे, उंट, तोफा, बाजारबुणगे… त्या घाटात काय धांदल उडाली असेल, कल्पना करा! १० नोव्हेंबरला गडाच्या पायथ्याशी जे झालं, ते काय मी तुम्हाला सांगायला हवं?

त्या धामधुमीत मुलं तलवारी, वाघनखं आणि चिलखत यांच्या गोष्टी ऐकतात. मला विचाराल तर राज्याची खरी परीक्षा लढाईच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. गडावर धान्य पोचायला हवं. कोकणातला माल देशावर जायला हवा. भर आषाढात जासूद निघाला तर त्याला नदीनं अडवता कामा नये. पारजवळ कोयनेवर जो दगडी पूल उभा आहे, तो शिवकाळातला म्हणून ओळखला जातो तो यासाठीच. महाराजांच्या किल्ल्यांचं कौतुक सगळे करतात. पुलाजवळ गाडी थांबवणारे थोडे.

तुम्ही थांबवा आणि पुलावरून नुसते जाऊ नका, जपून बाजूनं खाली पात्राकडे उतरा. पूल खालून बघायचा असतो! साधारण पन्नास मीटर लांबीचा हा पूल काळ्या घडीव दगडांचा आहे. पात्रात जाडजूड दगडी खांब, आणि खांबांवर कमानी. जिकडून पाणी येतं त्या अंगाला खांब टोकदार केलेले आहेत, नावेच्या नाळेसारखे. पाण्याचा लोंढा सपाट भिंतीवर थडकला तर सगळा मार भिंतीला. टोकावर आला की तो दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. वाहून आलेलं झाडही टोकाला लागून बाजूला सरकतं. नावाड्याला जे ठाऊक होतं, तेच गवंड्यानं वापरलं.

दगड ओळखीचा वाटतोय? वाटायलाच हवा. आपल्या तुर्भ्याच्या पाठीमागच्या डोंगरात खाणींनी कातरलेले जे काळे कडे दिसतात, तोच हा दगड. बसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडला, थरावर थर साचले आणि थंड होऊन त्यांचा हा काळा पाषाण झाला. तुर्भे, पार, प्रतापगड, सगळी एकाच भट्टीतली भावंडं! तुर्भ्याकडे तो सुरुंगानं फोडून त्याची खडी झाली, इमारती उठल्या. पारला पाथरवटांनी तो हातानं फोडला. दगडात ओळीनं भोकं पाडायची, त्यात पाचरी बसवायच्या, घणानं एकेक पाचर ठोकत जायचं. ठोके सारखे पडले की दगड सरळ रेषेत उकलतो. मग छिन्नीनं घडाई. लोणाऱ्यांनी चुनखडी भाजून चुना करायचा. बैल जुंपलेल्या दगडी घाणीत तो वाळूबरोबर मळायचा. त्यात कुणी गूळ घाली, कुणी हिरड्याचं पाणी, कुणी बेलफळाचा गर. प्रत्येक गवंड्याची रीत निराळी, आणि आपलीच खरी असं प्रत्येकाचं म्हणणं!

आता सगळ्यांत मजेची गोष्ट. कमान पडत का नाही?

लगेच करून बघा. सारख्या आकाराची सात-आठ पुस्तकं घ्या. ती एकाला एक लावून उभी धरा, दोन्ही टोकांना तळहात लावा आणि घट्ट दाबून उचला. काय झालं? मधली पुस्तकं तुम्ही धरलेली नाहीत, त्यांना दोरी नाही, डिंक नाही. तरी ती पडत नाहीत! कारण प्रत्येक पुस्तक शेजारच्याला दाबून धरतंय. आता धाकट्या भावाला वर एक पेन्सिलपेटी ठेवायला सांगा. तीही राहते. आता एक हात किंचित सैल सोडा… धडाम्! (आईची ओरडणी खावी लागली तर माझं नाव सांगू नका.)

कमानीचं हेच रहस्य आहे. तिचे दगड पाचरीसारखे, वर रुंद आणि खाली निमुळते असतात. आधी लाकडाचा अर्धगोल साचा उभा करायचा, त्याच्यावर दोन्ही बाजूंनी दगड रचत यायचं आणि अगदी मधोमध शेवटचा दगड ठोकून बसवायचा. तो कळीचा दगड. तो बसला की साचा काढून घ्यायचा. साचा काढण्याच्या वेळी गवंड्याच्या पोटात काय होत असेल, ते तोच जाणे! वरून ओझं आलं, की दगड खाली सटकण्याऐवजी एकमेकांना आणखीच घट्ट दाबतात. ऐंशी बैलांचा तांडा पुलावर आला, तर पूल सैल होत नाही, उलट आवळला जातो. दगडाला तुम्ही कितीही दाबा, त्याला चालतं. त्याला ओढलेलं मात्र खपत नाही, तो तडकतो. कमान अशी युक्ती आहे, की तिथं दगडाला फक्त दाब सोसावा लागतो.

ज्या देशांत घोडे ओझी वाहत, तिथल्या लोकांनाही हीच युक्ती सापडली होती. इंग्लंडच्या डोंगराळ भागात घोड्यांच्या वाटेवरचे छोटे दगडी पूल अजून आहेत. एक घोडा जाईल एवढेच अरुंद, एकाच कमानीचे, आणि कठडे मुद्दाम ठेंगणे. नाहीतर घोड्याच्या दोन्ही अंगांना लटकणारी गाठोडी कठड्याला अडकायची. आपला पारचा पूल त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा आणि भक्कम आहे. त्याला तशी गरजही होती, कारण इथला पाऊस! महाबळेश्वरच्या डोंगरावर वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मुंबईच्या दुप्पट म्हणा ना! जुलै २०२१ मध्ये तर तिथं एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला होता. डोंगर खचले, घाटरस्ते तुटले. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनानगरला जो मोठा भूकंप झाला, तोही याच कोयनेच्या खोऱ्यात. पूल या सगळ्यातून उभा राहिला. बैलांसाठी बांधलेल्या त्या पुलावरून आजही गाड्या जातात.

इथं तुमच्यातला एखादा हुशार मुलगा म्हणेल, ‘म्हणजे जुनं ते सोनं! आजचे पूल कच्चे!’ थांबा, इतकी घाई नको.

आपल्याच दारातला पूल बघू. वाशीच्या खाडीवरचा पहिला पूल १९७३ मध्ये सुरू झाला. नवी मुंबई वसली ती त्या पुलामुळे. पण खाडीच्या खाऱ्या हवेनं त्याच्या पोटातल्या पोलादी तारांना गंज धरला, पुन्हा पुन्हा दुरुस्त्या कराव्या लागल्या आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल आला. पंचवीस वर्षंही पुरी झाली नव्हती. पारच्या पुलात गंजायला लोखंडच नाही, हा त्याचा मोठा फायदा. पण उद्या कुणी म्हणालं, की वाशीच्या खाडीवर दगडी कमानींचा पूल बांधा, तर? दर थोड्या अंतरावर जाडजूड खांब, तेही खाडीच्या खोल चिखलात! बोटी अडल्या असत्या, भरतीचं पाणी तुंबलं असतं. प्रत्येक पाण्याला त्याचा त्याचा पूल लागतो.

आणखी एक गोष्ट आहे. जुन्या काळी बांधलेले पूल सगळेच काही इतके टिकले नाहीत. जे वाहून गेले ते आपल्याला दिसत नाहीत, उरले तेवढेच दिसतात. आणि मग आपण म्हणतो, ‘बघा, जुने पूल कसे टिकतात!’

आता सावित्रीच्या पुलाची गोष्ट.

सावित्री आणि कोयना या सख्ख्या बहिणी. दोघींचा उगम महाबळेश्वरच्या डोंगरात. क्षेत्र महाबळेश्वरच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांच्या धारा एकत्र पडताना दाखवतात. पण सावित्री पश्चिमेला कोकणात उडी घेते आणि बाणकोटच्या खाडीत अरबी समुद्राला मिळते. कोयना दक्षिणेला जाते, मग पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेला भेटते. या सावित्रीवर महाडजवळ १९२८ मध्ये बांधलेला कमानींचा दगडी पूल होता. मुंबई-गोवा रस्त्यावरची रात्रंदिवस चालणारी वाहतूक तो सोसत होता. शेजारी एक नवा पूलही होता. एका दिशेच्या गाड्या नव्या पुलावरून, दुसऱ्या दिशेच्या जुन्यावरून जात.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र. मुसळधार पाऊस, नदीला महापूर, अंधार गुडुप्प. जुन्या पुलाचा मधला भाग कोसळला आणि पुरात नाहीसा झाला. कोकणातून मुंबईकडे येणाऱ्या दोन एसटी गाड्या आणि एक मोटार अंधारात पुढे आल्या. पुढे पूल नाही, हे चालकांना कळायला मार्गच नव्हता. त्या गाड्यांमधली माणसं पुन्हा घरी आली नाहीत. जवळच्याच एका माणसाच्या ध्यानात आलं, की पूल गेला. त्यानं धावपळ करून मागच्या गाड्या थांबवल्या म्हणून आणखी जीव वाचले. पुढे १६५ दिवसांत तिथं नवा पूल बांधून झाला. २०१७ च्या पावसाळ्याआधी तो सुरू झाला. मघाशी तुम्ही गप्प बसून ओलांडलात तो हाच.

आता तुमच्या मनात प्रश्न येईलच. दोन्ही दगडी, दोन्ही कमानींचे, डोंगरही एकच. मग साडेतीन शतकांचा पूल उभा आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांचा गेला, असं का? दोघांची तुलना सरळ करता येत नाही. पारला कोयना उगमाजवळ आहे, अजून अंगानं लहान. महाडजवळ सावित्री खाली सपाटीला आलेली, उपनद्या पोटात घेऊन फुगलेली. आणि पारच्या पुलावर दिवसभरात जेवढ्या गाड्या येत असतील, तेवढ्या हमरस्त्यावर काही मिनिटांत जातात.

मात्र दगडी पूल आजारी कसा पडतो, ते जाणत्यांना पक्कं ठाऊक आहे. मघाचा पुस्तकांचा खेळ आठवा. पुस्तकं पडली ती केव्हा? हात सैल झाला तेव्हा! कमानीचे हात म्हणजे तिचे खांब आणि काठावरचे दगडी बांध. पुराचं पाणी खांबाच्या बुडाशी भोवरे करतं आणि तिथली माती-वाळू उकरून नेतं. माणसं पुलाजवळची वाळू उपसतात, तेव्हा ती पाण्याला मदतच करत असतात. पाया उघडा पडला, खांब बोटभर कलला, की वरची कमान सैल. वरून मात्र काही दिसत नाही! रस्ता गुळगुळीत, डांबर नवं कोरं.

दुसरा शत्रू दिसायला फार गोजिरवाणा असतो. पिंपळाचं रोप! पाखराच्या विष्ठेतून बी पडतं, दगडांच्या सांध्यात रुजतं, दोन तांबूस पानं वाऱ्यावर हलू लागतात. बघणारा म्हणतो, वा, दगडातून झाड उगवलं! पण त्याचं मूळ केसासारखं आत शिरतं आणि जाड होत जातं. पाथरवटानं पाचर ठोकून दगड फोडला होता ना? हीही पाचरच, फक्त सावकाश ठोकली जाणारी. रोप वितीएवढं असताना उपटलं तर दोन बोटांचं काम. हाताएवढं झालं, की अख्खा सांधा उसवावा लागतो.

आणि तिसरा म्हणजे सांध्यातला चुना. पाणी वर्षानुवर्षं झिरपून तो धुऊन नेतं. दगडांमध्ये फटी पडतात, मग एखादा दगड निसटतो. एक निसटला की शेजाऱ्याला दाबणारं कुणी उरत नाही.

सावित्रीच्या दुर्घटनेनंतर राज्यातल्या जुन्या पुलांची तपासणी करण्याचे आदेश निघाले. तपासणी म्हणजे हेच. कुणीतरी पुलाखाली उतरायचं, पायाशी पाणी काय करतंय ते बघायचं, सांधे बघायचे, रोपं उपटायची. शिवकाळातल्या गवंड्याला हे वेगळं सांगावं लागलं नसतं.

बैलांचे तांडे मात्र परत येणार नाहीत. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता निघाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी धावली आणि पाठीवरच्या गोण्या चाकांवर चढल्या. पुढे आंबेनळीतूनही गाडीरस्ता झाला, तशी पारची वाट ओस पडली. लमाणांनी बैल विकले आणि मिळेल ते काम धरलं. पारघाटाची पाऊलवाट आता भटके लोक तेवढे तुडवतात.

पारला गेलात तर पावसाळा संपल्यावर जा. ऑक्टोबरात नदी निवळलेली असते. मोठ्यांना बरोबर घेऊन खाली उतरा. खांबाच्या टोकदार बाजूला पुरानं आणून टाकलेल्या काटक्या कुठवर अडकल्या आहेत, ते बघा. यंदा पाणी कुठपर्यंत चढलं होतं, ते कळेल. कमानीच्या पोटात मान वर करून कळीचा दगड शोधा. सांध्यात पिंपळाची तांबूस पानं हलताना दिसली, तर किती आहेत ती मोजा आणि गावात देवळापाशी जी मोठी माणसं भेटतील त्यांना सांगा.